गिरमिटाचं हळदीकुंकू

लोणावळ्यात एका बंगल्यावर आम्ही जवळच्या औंढ्याहून दूध घालायचो. मालकीणबाई मुंबईच्या. उन्हाळा लागला की वर यायच्या आणि चैत्राचं हळदीकुंकू करायच्या. एका वर्षी त्यांनी आम्हा खेड्यातल्या बायकांनाही आवतण धाडलं. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आंबेडाळ आणि पन्हं मिळणार म्हणून मी थोरल्या जावेला घेऊन गेले.

गेल्यावर कळलं, हळदीकुंकू नावापुरतं. फिजी नावाच्या बेटावर उसाच्या मळ्यांत आपल्या माणसांचे हाल चाललेत, ते थांबवा म्हणून सरकारला अर्ज जायचा होता, आणि त्यावर खेड्यातल्या बायकांचे अंगठे हवे होते. आम्हाला पायऱ्यांवर बसवलं. शिकलेल्या बायका वर व्हरांड्यात, जाजमावर. एक पाहुण्या बाई भाषणात म्हणाल्या, "तिथले गोरे आपल्या माणसांना घराची पायरीसुद्धा चढू देत नाहीत." आम्ही पायरीवर बसून ऐकलं. तेवढी पायरी आम्हाला जास्त मिळाली होती.

पुढं त्या म्हणाल्या, "हजारो जीव गिरमिटात अडकले आहेत. हे गिरमिट सरकारनं बंद केलंच पाहिजे."

आमच्याकडं गिरमिट म्हणजे सुताराचं लाकडाला भोक पाडायचं हत्यार. जाऊ उठून उभी राहिली.

"बाई, भोकं कुटं पाडत्यात? हाताला का पायाला?"

वरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसले नाही, कारण मलाही तेच वाटलं होतं. मी चौथी शिकलेली, पण चौथीच्या पुस्तकात फिजी नव्हतं. मग पाहुण्या बाईंनी समजावलं. करार म्हणजे इंग्रजीत ॲग्रिमेंट, त्याचं लोकांनी गिरमिट केलं. कागदावर अंगठा घेतात आणि मळ्यावर वर्षानुवर्षं राबवतात.

"मंजी कागूद," जाऊ म्हणाली. "मग आमचं मालक बी गिरमिटातच हायती की."

माझे थोरले दीर मुंबईला गोदीत हमाली करायला गेले होते. तिथून एका मुकादमाच्या नादी लागून मद्रासेला आणि मद्रासेहून बोटीनं फिजीला, असं त्यांच्या सोबत्यानं येऊन सांगितलं होतं. पुढं काही बातमी नाही. खरा गिरमिटवाला सापडला म्हटल्यावर पाहुण्या बाईंचा चेहरा जावई दारात आल्यासारखा खुलला. जावेला वर बोलावलं, जाजमावर मधोमध बसवलं, शाईची डबी पुढं केली.

जावेनं हात पदराखाली घेतला. "अंगठा दिला म्हून तर ते गेलं. आदी त्येंचं नाव घाला. जिते हायती का इचारा, आन् असत्याल तर धाडून द्या म्हनावं."

"अहो, असं एकेकाचं नाव घालता येत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "हा साऱ्या देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आब्रू ऱ्हाऊ द्या. मानूस इचारा."

बरीच घासाघीस झाली. शेवटी कच्च्या अर्जाच्या समासात नाव लिहिलं, मी वाचून खात्री दिली, तेव्हा कुठं अंगठा उठला. पक्का अर्ज मुंबईत लिहिला आणि त्याला आमच्या अंगठ्यांचा वेगळा कागद जोडला. समासातलं नाव कच्च्या कागदावरच राहिलं, हे पुढच्या वर्षी समजलं.

निघताना मालकीणबाई कुयरी घेऊन कुंकू लावत आल्या. जावेपाशी त्यांचं बोट थांबलं. लावावं की लावू नये, त्यांना कळेना.

"सरकारला इचारून लावता का?" जाऊ म्हणाली, आणि कुयरीत बोट घालून आपलं आपण लावलं.

काही वर्षांनी गिरमिट बंद झालं. बंगल्यावर आम्हाला बोलावून पेढे वाटले. जावेनं विचारलं, "मग आमचं मालक कंच्या बोटीनं येनार?"

"नवी माणसं न्यायची बंद झालीत," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी गेलेल्यांचं सरकार पाहील."

जावेनं पेढा ताटात परत ठेवला. मी माझा खाल्ला आणि तिचाही उचलला. खवा चांगला होता.

परतताना मी तिला तोंडावर म्हटलं, "जाऊबाई, भावजी तितं दुसरी करून बसलं असत्याल."

"बसू दे," ती म्हणाली. "मंजी जिते हायती."