इथलंच कॅबिनेट

आमच्या शेजारचे भाऊ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपला कामाला होते. कोणाच्याही घरी गेले की बोलता बोलता कपाटाच्या नाहीतर फ्रीजच्या पत्र्यावरून अंगठा फिरवायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"वरून वस्तू कशी आहे ते आम्हाला कळायचं.

सत्त्याण्णव साली घरी लग्नपत्रिकांचं काम करायला मी सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरवलं. टेबल जेमतेम दोन फुटांचं, म्हणून कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा पत्र्याचा डबा, लहान हवं होतं, आणि स्वस्तही. ठाण्याच्या दुकानात भाऊ सोबत आले.

दुकानदाराने एक उंच, चकचकीत कॅबिनेट पुढे केलं. "हे घ्या मॅडम, इम्पोर्टेड आहे."

भाऊंनी त्याचं झाकण काढायला लावलं आणि आत अंगठा फिरवला. "वहिनी, हे नको. पत्रा पातळ आहे. कडा तशाच सोडल्यात, हात कापेल."

मग त्यांनी खालच्या फळीवरचं सगळ्यात स्वस्त, बुटकं कॅबिनेट उचललं. आतून चाचपलं आणि एकाच कडेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिले.

"काय झालं, भाऊ?"

"कड दुमडून घासलीय. कुठलं हो हे?"

"लोकल आहे," दुकानदार ओशाळून हळूच म्हणाला. "इथलंच, वागळेचं."

"मग हळू काय सांगताय?" भाऊ एवढ्या मोठ्याने म्हणाले, की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "वागळेचं आहे म्हणून जोरात सांगा ना!"

मी तेच घेतलं. डोंबिवलीत घरी पोचेपर्यंत भाऊंनी ते मला उचलू दिलं नाही.