एका कॉटवरचे दोन रहिवासी

मतदारयादीसाठीच्या माझ्या अर्जावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बरोबर होतं. तरी पडताळणीला आलेल्या बाईंना आमच्या खोलीत उत्तर मिळालं की या नावाचा इथं कोणी राहत नाही.

उत्तर देणारा खोटं बोलला नव्हता. चाकणला आम्ही कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत पाच कॉट आणि दहा माणसं, निम्मी दिवसपाळीची, निम्मी रातपाळीची. माझ्या कॉटवर रात्री मी झोपायचो, दिवसा दुसरा एकजण. ओव्हरटाइम करून मी रात्री साडेआठला यायचो. तो पावणेसातलाच कंपनीची बस धरायला गेलेला असायचा. सकाळी तो परतायच्या आत मी कामाला निघालेला असायचो. सुट्टीच्या दिवशी तो दिघीला भावाकडे जायचा. खोलीत सगळ्यांना तालुक्याच्या नावानं ओळखायची पद्धत होती. तो सेलू, मी करमाळा. सात महिने आम्ही एकच उशी वापरत होतो आणि एकमेकांचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं.

बाई शाळेत शिकवायच्या. आमच्या भागाच्या मतदारयादीचं कामही त्यांच्याकडे होतं. कंपनीच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागायचा, त्यामुळे त्यांचे तीन मिस्ड कॉल मला सुटल्यावर दिसले. मी फोन केला. भाडेकरार नाही, लाइटबिल मालकाचं, आधारवर गावचा पत्ता. मग तुम्ही इथं राहता हे मी कशावरून लिहू, असं त्यांनी विचारलं. मुदत संपत आली होती आणि यावेळी नाव लागायचं राहिलं तर येणारी निवडणूकही गेली. मी विनवण्या केल्यावर उद्या संध्याकाळी सहाला शेवटचं येते म्हणाल्या. मला ओळखणारा कोणीतरी तेव्हा समोर हवा, ही त्यांची अट होती.

घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजच्या शिबिरात मी गावातल्या कितीतरी जणांचे मतदारनोंदणीचे फॉर्म भरून दिले, स्वतःचा ठेवून दिला. वसतिगृह म्हणजे काही घर नव्हे, नोकरी लागली की कायमच्या पत्त्यावर भरू, असं माझं मीच ठरवलं. तसा पत्ता अजून आला नव्हता. मालकांकडे करार मागितला तेव्हा ते म्हणाले होते, “आज यादीत नाव लावशील, उद्या खोलीच माझी म्हणशील. न्हाई जमायचं.”

दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम सोडला, त्यावर सुपरवायझर बरंच बोलला. रिक्षा चौकात कंटेनरांच्या मागे अडकली. सव्वासहा वाजले तशी मी उतरलो आणि उरलेला रस्ता पळत गेलो.

बाई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. मालक त्यांना सांगत होते की ही पोरं आज हाईत, उद्या न्हाईत. सेलू कंपनीच्या कपड्यात, पाठीला बॅग लावून उभा होता. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदा पाहत होतो.

काल तुम्हीच नाही म्हणालात ना, बाईंनी त्याला विचारलं.

“नाव म्हाईत नव्हतं, मॅडम. ह्याला करमाळा म्हणतेत. आमची कॉट एकच हाय. मी उठतो, हा झोपतो.”

“रोज इथंच झोपतात हे कशावरून?”

“उशीला रोज ह्याच्या खोबरेलाचा वास असतो. दिवाळीला गावी गेला तवा आठ दिस नव्हता.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मालकांकडे पाहिलं आणि खोटं असेल तर आत्ताच सांगा म्हणाल्या. मालकांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

“ऱ्हातो,” ते म्हणाले. “पर करार द्यायचो न्हाई.”

करार मी मागितलेलाच नाही, असं म्हणत बाईंनी लिहायला घेतलं. ओळखणाऱ्याचं पूर्ण नाव, वय, गाव, सही. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. सेलूनं एकदा तिकडं मान वळवली आणि गडबडीत आजोळचं गाव सांगितलं, मग ते खोडायला लावून स्वतःचं सांगितलं. सही होईपर्यंत बस गेली होती. त्याची पाळी बुडाली.

अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज पुढं पंधरा दिवसांनी आला. त्या संध्याकाळी मात्र माणसं दोन आणि कॉट एक, एवढाच प्रश्न होता. मी त्याला वर झोपायला सांगितलं.

“रात्रीची तुझी हाय, भावा. आता तर लेखी झालंय,” तो म्हणाला आणि खाली चादर पसरू लागला.