आत्याच्या चार कांड्या

थांबण्याची कुस्ती असती, तर माझ्या आत्यानं अख्ख्या ठाणे जिल्ह्यातले पैलवान चीत केले असते. एरवी बाई घाईची. आमच्या दिघाशी गावाहून भिवंडीला पायी निघाली तर बरोबरच्याला धाप लागायची, आणि पंगतीत आपला वरणभात कालवून होईतो तिचं ताट घासूनही झालेलं असायचं. पण समोर एखादं लहान मूल खटपट करत बसलं, की ती तिथेच फतकल मारायची आणि हलायचं नाव नाही. एकदा ठाण्याला साखरपुड्याला निघालो होतो. स्टँडवर माझी धाकटी लेक चपलेचा पट्टा लावत बसली. मी मदतीला वाकलो, तर आत्यानं मागून माझा शर्टच धरला. पट्टा लागतोय, सुटतोय, पुन्हा लागतोय, आणि तिकडे कंडक्टरनं घंटी मारून गाडी सोडलीसुद्धा. मी चरफडलो. आत्या म्हणाली, "यष्टी दुसरी येल. पोरीची ही खटपट पुन्हा येनार न्हाय." आम्ही पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या गोळा करत होते, आणि आत्या भेटेल त्याला धाकटीची चप्पल दाखवत होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा भिवंडीत पहिलीचा मास्तर होतो, आणि आत्या तिथल्याच नारपोलीत कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत बालवाडी चालवायची. ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर ती डहाणूकडे जाऊन बालवाडीचं शिक्षण घेऊन आली होती. तिथे कुणा प्राध्यापकांनी सांगितलेली एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती: लहान मुलाची विचार करायची रीतच निराळी असते, आणि ती त्याच्या वयानं, त्याच्या हाताच्या खेळानं आतून बदलत जाते, आपण ढकलून बदलत नाही. आत्यानं हे पडताळून पाहिलं, आणि तेही माझ्या लग्नात! भर पंगतीत दोन सारख्या पेल्यांत सरबत ओतलं, मग एका पेल्यातलं उंच निमुळत्या ग्लासात रिकामं केलं आणि "कशात जास्त?" असं वऱ्हाडातल्या पोरापोराला विचारत हिंडली. सगळी पोरं त्या उंच ग्लासावर तुटून पडली, दोघं रडली, सासऱ्यांच्या धोतरावर सरबत सांडलं. आत्या मात्र देव दिसल्यासारखी हरखली होती. "बघ, सगल्यांना तसंच दिसतं! कुनी शिकवलं न्हाय!"

तिच्या बालवाडीतली खेळणी म्हणजे सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या, चिंध्या, चिंचोके आणि पाण्याचे डबे. कुणी काय घ्यायचं ते पोरंच ठरवणार. पलीकडे लूमचा असा खडखडाट, की आम्ही मोठी माणसं ओरडून बोलायचो. पण पोरं आपापल्या कामात इतकी गढलेली असायची, की माझ्या वर्गात छडी आपटूनही तसं काही मला जमलं नाही. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा.

खोली कारखान्याच्या शेठची होती. शेठ कोकणी मुसलमान, बापजाद्यांपासूनचा धंदा, माणूस दिलदार. पण त्यांना आणखी दोन लूम बसवायचे होते आणि जागा पुरत नव्हती. एक दिवस ते आत्याला म्हणाले, "बाई, लोक बोलतात पोरं नुसती खेळतात. पुढच्या हप्त्यात मी बघायला येतो. कायतरी शिकली असतील तर खोली तुमची, नायतर मला द्या." आत्या "या की" म्हणाली आणि चिंचोके निवडायला बसली. तयारी शून्य! ना गाणं, ना नाच. माझा जीव टांगणीला लागला. तिच्या दोन घासांचं मी बघितलं असतं हो, पण पोरांवाचून ही बाई जगली नसती.

मग मी मास्तरकी केली. बालवाडी सुटल्यावर पोरं अंगणात रेंगाळायची. आत्या नळावर गेली की मी त्यांना गोळा करायचो आणि दोनाचा पाढा घोटून घ्यायचो. आठवड्यात सगळी फडाफडा म्हणू लागली. शबनम नावाची पाचेक वर्षांची पोर तर माझ्या पहिलीच्या पोरांनी तोंडात बोटं घालावीत अशी.

ठरल्या दिवशी शेठ आले, चटईवर बसले. पोरं आपल्या नादात. मान वर करून कोणी बघेना. मी दारातून शबनमला खूण केली. झालं! सगळी पोरं उभी राहिली आणि लूमच्या आवाजावर कडी करत "बे दाहे वीस"पर्यंत जाऊन पोचली. शेठ खूश. "वा, बाई! खोली तुमची," म्हणत उठायला लागले. आत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बसा, शेठ," ती म्हणाली. तिनं चार कांड्यांची ओळ मांडली आणि तिच्याखाली आणखी चारांची, अगदी तेवढीच. "शबनम, दोनी सारक्या हायत?" "हां, सेम हाय." मग आत्यानं खालच्या कांड्या लांब लांब सरकवल्या. "आता?" शबनम बिनदिक्कत म्हणाली, "इसमें जास्ती हाय." आत्या शेठकडे वळली. "पाढा माज्या भाच्यानं पाठ करून घेतलाय. त्यो म्या शिकवलेला न्हाय. चार म्हंजे काय ते हिला अजून कलायचंय. कलंल." मिळालेली खोली बाईनं आपल्या हातानं परत केली! दारात उभा राहून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

शेठ पुन्हा खाली बसले. त्यांनी स्वतः खालच्या कांड्या पुन्हा जवळजवळ मांडल्या. शबनम म्हणाली, सेम. लांब केल्या, जास्ती. पुन्हा जवळ, पुन्हा लांब. एवढा मोठा कारखान्याचा मालक, पण तोंडाचा आ तसाच राहिला. "या अल्ला, हिला खरंच तसं दिसतं!" ते म्हणाले. "कधी कळणार हिला?"

"तिचं तिला ठावं."

"मग हिला कळलं की मला बोलवा, बाई. लूम तेव्हा बसवू."

मला वाटलं, सुटलो. आता शबनमला कळलं तरी आत्या कशाला बोलतेय! चार-पाच महिने गेले. एका सकाळी आत्यानं कांड्या सरकवल्या तर शबनम हसायलाच लागली. "चारच हाय ना! सरकाया तो क्या बढ़ेंगे?" आत्यानं त्याच पावली शेठला निरोप धाडला. मी हात जोडले, "अगं, निदान दिवाळी तरी होऊ दे!" ती म्हणाली, "तिला आज कललंय." शेठ आले. शबनमनं त्यांनाही हसून वेड्यात काढलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यात पाणी ओतत बसलेल्या एका शेंबड्या पोराकडे बोट केलं. "ह्याला कळलं?"

"न्हाय अजून."

"मग ह्याचं होऊ द्या," असं म्हणून शेठ चपला घालून निघून गेले. त्या पोराचं झालं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. दर वेळी आत्या निरोप धाडायची आणि दर वेळी शेठना कोपऱ्यात आणखी कुणीतरी सापडायचं. लूम शेवटी काल्हेरला दुसऱ्या जागेत बसले.

आत्या शेवटच्या दुखण्यात आमच्याकडे होती. एका दुपारी तिच्या पायांना तेल चोळताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, त्या पाढ्याचं मनात ठेवू नकोस गं."

"अरे, तवा तुजं वयच तेवढं व्हतं," ती म्हणाली.

पाढ्याच्या वेळी मी चौतीस वर्षांचा होतो, तीन मुलांचा बाप. तरी मला इतकं हलकं वाटलं, की तिचे पाय हातात धरून मी तसाच बसून राहिलो.