फोटोपुरती पँट

"आधी बसून दाखवा," असं म्हणूनच ते टेप हातात घ्यायचे. गिऱ्हाईक खाली बसलं की गुडघ्यावरून माप. "उभ्यानं माप घेतलेली पँट फोटोपुरती, सर."

सेनगावात आमच्या शाळेसमोर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मी शाळेत खेळाचा शिक्षक. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. असा हट्टी शिंपी तुमच्याही गावात असेल.

आमची एक विद्यार्थिनी स्केटिंगमधून पुढे जाऊन काश्मीरच्या स्कीइंग स्पर्धेसाठी निवडली गेली. बर्फात घालायची पँट इथं कुठं मिळणार? मी चाचांना विचारलं. त्यांनी बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरचा. पण पुसेगावात एक निवृत्त फौजी होता, बर्फाळ सीमेवर राहून आलेला. चाचा जीपनं त्याच्याकडं गेले, अर्धा दिवस विचारत बसले.

"सुती न्हाई चालत, सर. घाम धरून ठेवतंय, मग तोच गारठवतो. आतून लोकर, वरून पाणी न शिरणारं कापड."

घरातल्या जुन्या लोकरी शालीची त्यांनी आतली विजार शिवली. वर रेनकोटच्या कापडाची ढगळ पँट, गुडघ्याला जास्तीचं कापड, खाली बुटावर घट्ट बसणारी इलॅस्टिकची पट्टी. शिवणीवर मेणबत्ती घासली. मग बर्फाची लादी आणून पोरीला तिच्यावर गुडघे टेकायला लावले.

"ओल लागून राहिली का?"

"न्हाई, चाचा."

"खरं सांग, लेकरा. तिथं मी नसणार."

बघे हसत होते. मीही हसलो.

निघायच्या दिवशी हेडमास्तरांनी शाळेचं नाव छापलेल्या, चापून बसणाऱ्या सुती ट्रॅकपँट आणल्या. "फोटो पेपरात येणार. ते गबाळं कशाला?" तिच्या बॅगेतून चाचांचा जोड मीच काढला. उगाच ओझं, असं तिला सांगितलं.

काश्मीरच्या बर्फात ती दोनदा पडल्यावर ते सुती कापड चिंब भिजलं. शर्यतीत तिचे गुडघे वाकेनात. अर्ध्या उतारावरून तिला उचलून आणलं. पुढच्या प्रशिक्षण शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

ती परतल्याचं कळताच चाचा शाळेत आले. "पँट गुडघ्यात तंग तर न्हाई झाली?"

"बराबर बसली," मी म्हणालो. "पण पाय भिजले तिचे."

"म्हणजे शिवणीतून पाणी गेलं. माझीच चूक."

मी त्यांना तसंच समजू दिलं.

मग ते येईल त्याला सांगत सुटले, पोरीची शर्यत माझ्या हातानं गेली म्हणून. लोकही तसंच बोलू लागले. पोरीच्या कानावर गेलं तेव्हा ती दुकानात जाऊन खरं ते सांगून आली.

त्यानंतर शाळेचं एकही काम त्यांनी घेतलं नाही. मे महिन्यात दुकान बंद करून ते परभणीला लेकीकडे निघाले. मी स्टँडवर धावलो. एस.टी.त खिडकीशी बसले होते.

"चाचा, माझं चुकलं," मी खालून म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या भर उन्हात खिडकीची काच ओढून घेतली.