कशावरून?

"कशावरून?"

हा त्यांचा शब्द. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लाल पेन्सिल कानामागे, आणि समोरचा काहीही बोलला की मान किंचित तिरकी करून एवढंच. आवाज चढत नसे, पण आपण काहीतरी चोरून आणलंय आणि ते आता खिशातून बाहेर काढावं लागणार, असं समोरच्याला वाटायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्या काकांचं वेगळेपण एवढंच, की त्यांना त्याच कामासाठी नेमलेलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी मुंबईहून अबुधाबीच्या एका इंग्रजी दैनिकात पानं लावायला आलो, तेव्हा ते तिथले मुख्य प्रूफरीडर होते. पानाच्या कोपऱ्यात त्यांची लाल खूण पडल्याशिवाय पान छपाईला सुटत नसे. दैनिक निघालं त्या दिवसापासून ते तिथे होते. मल्याळी, पाकिस्तानी, लेबनीज, सगळे त्यांना काकाच म्हणत आणि त्याखेरीज मराठीतला त्यांचा 'कशावरून' एवढा एकच शब्द सगळ्यांना येत असे. वितरण विभागातला अब्राहम तर बायकोच्या फोनवरही 'कशावरून' म्हणायचा.

पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, की मुंबईत मी सहा वर्षं हेच काम केलंय. "कशावरून?" मी हसलो, ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सर्टिफिकेटांची फाईल घेऊन गेलो. त्यांनी ती खरोखर वाचली आणि एका सर्टिफिकेटावरची तारीख रविवारी येते, हे दाखवून दिलं. "रविवारी सही कोण करतं हो?" असं विचारून त्यांनी फाईल परत दिली. मला एसीत घाम फुटला. त्या सर्टिफिकेटात खोटं काही नव्हतं, तरी मी पुढे बरेच दिवस त्यांच्या टेबलाजवळून जाणं टाळत होतो.

एकदा बर दुबईला देवळात गेलो होतो, मी, बायको आणि काका. दर्शन झाल्यावर खाडीपलीकडे जायला अब्रा, म्हणजे तिथली होडी, धरली. बसताना काकांनी नावाड्याला विचारलं, "डेरा जाएगा?" नावाडी म्हणाला, "हां, सामने डेरा ही है." काका म्हणाले, "कशावरून?" नावाड्याने बोट करून समोरचा काठ दाखवला. दुसरीकडे जायला त्या खाडीत वाटच नव्हती. काकांनी काठ नीट पाहून घेतला आणि मगच बसले. बायको पदरात तोंड लपवून हसत होती आणि मी तिला डोळ्यांनी दटावत होतो.

मग आमची मुलगी झाली. बारशाला चार-पाच मराठी कुटुंबं आली, काकाही आले. त्यांची स्वतःची बायको आणि दोन मुली चिपळूणला होत्या आणि दोन वर्षांतून एकदा त्यांची भेट व्हायची. कोणीतरी पाळण्यात वाकून म्हणालं, "अगदी बापावर गेलीय हो." काका लगेच म्हणाले, "कशावरून?" सगळे खो खो हसले. तेवढ्यात बाळाने त्यांचं बोट धरलं. जेवणाची पानं मांडून झाली, माणसं बसली, तरी काका पाळण्यापाशी वाकून उभे. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना 'अहो'वरून 'अरे'वर आले. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी रमझानचा एकोणतिसावा दिवस आला. तुम्हाला ठाऊक असेलच, त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. पेपरवाल्यांना मात्र थांबायची सोय नाही. म्हणून आम्ही पहिलं पान दोन प्रकारचं तयार ठेवत असू. एकावर 'आज ईद', दुसऱ्यावर 'आज तिसावा रोजा, ईद उद्या'. सरकारी घोषणा टीव्हीवर आली, की काका दोहोंपैकी एकावर खूण करायचे आणि दुसरं पान रद्द व्हायचं. पश्चिमेकडच्या तेलाच्या कॅम्पांना जाणारी गाडी सगळ्यांत आधी निघायची, तिच्यासाठी थोडे अंक आधी छापावे लागत.

त्या संध्याकाळी घोषणा लांबली. खाली गाडीचा ड्रायव्हर 'यल्ला, यल्ला' करून हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला. "अहो, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खजुराची बिस्किटं आणून दिली. चंद्र दिसला म्हणे! जाहीर झालं." त्या बाई कुठल्या, कोणत्या देशाचा रेडिओ ऐकतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मुलगी झाल्यापासून मी धड झोपलो नव्हतो. मी सरळ काकांपाशी गेलो आणि म्हणालो, "काका, दिसला चंद्र. जाहीर झालंय. सोडा पान."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मान किंचित तिरकीही झाली. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, 'आज ईद'वर खूण केली आणि म्हणाले, "घरी जा लवकर. पोर वाट बघत असेल."

अर्ध्या तासाने टीव्हीवर घोषणा झाली, की चंद्र दिसलेला नाही. वरच्या बाईंनी त्यांच्या स्वतःच्या देशाची ईद साजरी करायला घेतली होती.

अब्राहम स्वतःची गाडी घेऊन धावला आणि आमच्या गाडीला पेट्रोल पंपावर गाठून गठ्ठे परत घेऊन आला. एक गठ्ठा मात्र वाटेत मुसफ्फाला, एका कंपनीच्या फाटकावर उतरला होता. तिथल्या कॅम्पातल्या काही कामगारांनी पहाटे उठून पेपर पाहिला आणि चहा पिऊन टाकला. आमच्या भरवशावर त्यांचा रोजा मोडला. तिसऱ्या दिवशी तो अंक तक्रारीसह जनरल मॅनेजरांच्या टेबलावर होता.

काकांना आत बोलावलं. ते तासभर आत होते. मी बाहेर बसून हिशोब लावत होतो, की नोकरी गेली तर व्हिसा गेला, आणि मुलीच्या पासपोर्टवर तर अजून शिक्काही पडलेला नव्हता. काका बाहेर आले, माझ्याकडे न बघता जागेवर बसले आणि प्रूफं वाचू लागले. आता माझा नंबर, म्हणून मी शर्ट नीट केला. मला कोणी बोलावलंच नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

पुढच्या आठवड्यात झालं ते एवढंच, की काकांची बदली तळघरातल्या लायब्ररीत झाली. तिथे जुन्या अंकांच्या बांधीव फायली होत्या, एक टेबल, एक टेलिफोन आणि कुलूप लावलेलं लोखंडी कपाट.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, यात कुठेतरी पाणी मुरतंय. अब्राहमने त्यात भर घातली. "भाई, सोचो. गलती हुआ तो आदमी को टर्मिनेट करते हैं. इसको रूम दिया, फोन दिया, अलमारी दिया. क्यों? मॅनेजमेंट का आदमी है." मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "काकांनी माझं नाव सांगितलंय. तो अंक त्या कपाटात ठेवलाय, मी जड झालो की बाहेर काढतील." बायको म्हणाली, "काहीतरीच काय! त्यांना जेवायला बोलवा." मी बोलावलं नाही.

संशय एकदा आला की त्याला खायला काहीही चालतं. काका मला अजूनही 'अरे' म्हणत, तर मला त्यात धमकी ऐकू यायची. लिफ्टमध्ये ते विचारायचे, "पोर काय म्हणते?" आणि मी मनात म्हणायचो, बघा, कशी आठवण करून देतायत. एकदा मी त्यांची परीक्षाही घेतली. मुद्दाम तळघरात जाऊन सांगितलं, की मी दुबईच्या दुसऱ्या पेपरात अर्ज केलाय. "कशावरून?" त्यांनी सवयीने विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला म्हणून सांगतोय, काका." मग दोन आठवडे कान टवकारून बसलो. वर कोणालाच काही कळलं नाही. यावरून मी निष्कर्ष काढला, की माणूस वाटला त्यापेक्षा बेरकी आहे.

अशी आठ वर्षं गेली. मुलगी शाळेत जाऊ लागली. कधी ऑफिसात आली तर पळत तळघरात जायची आणि वर येऊन इंग्रजीत सांगायची, "डॅडी, काका नेव्हर बिलीव्ह्ज एनीथिंग! आय टोल्ड हिम आय केम फर्स्ट, ही आस्क्ड फॉर प्रूफ!" मी तिला विचारायचो, "आणखी काय विचारलं? घरातलं काही विचारलं?" ती म्हणायची, "नथिंग. ही गेव्ह मी अ पेन्सिल." ती लाल पेन्सिलसुद्धा मी उलटसुलट करून पाहत असे, आज सांगताना लाज वाटते.

मग दैनिकाला पंचवीस वर्षं होत आली आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. तळघराशिवाय इलाज नव्हता. मी दारात उभा राहून म्हणालो, "काका, पेपरचा इतिहास लिहायचाय."

"कशावरून?"

या वेळी तो प्रश्न अगदी योग्य होता. मी कंपनीचं माहितीपत्रक पुढे केलं. ते त्यांनी बाजूला सारलं आणि पहिली फाईल उघडली. आधीचं ऑफिस पत्र्याच्या केबिनमध्ये होतं, वाळूचं वादळ आलं की शाईत रेती जायची आणि अक्षरं खरखरीत उमटायची. त्यांनी माझं बोट धरून त्या पानावर फिरवलं. रेती अजून लागत होती. पहिल्या अंकावर वारच चुकीचा छापला गेला होता, आणि माहितीपत्रकातल्या फोटोत तो अंगठ्याने झाकला होता. "अंगठा कोणाचा?" मी विचारलं. "माझाच," ते म्हणाले. महिनाभर मी रोज तिथे बसलो. मजा येत होती, तरी माझा एक डोळा त्या कपाटावर असायचा. एकदा धीर करून विचारलं, "यात काय आहे?"

"जे इतिहासात जात नाही ते."

माझा संशय पक्का झाला. मी पुन्हा विचारलं नाही.

तो इतिहास पुरवणी म्हणून निघाला, त्याच वर्षी काकांना साठ वर्षं पूर्ण झाली. व्हिसा पुढे वाढवणार नाही, असं कळवण्यात आलं. ऑफिसही नव्या इमारतीत जाणार होतं. शेवटच्या दिवशी निरोपाचा केक कापून झाल्यावर त्यांनी मला तळघरात नेलं आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. "हे आता तुझं." एवढंच. मी म्हटलं, "इन्शाल्ला परत भेटू, काका." त्यांनी 'कशावरून' विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विमानतळावर मी गेलो नाही, काहीतरी कामाचं निमित्त सांगितलं.

कपाट उघडायला मी चार महिने लावले. नव्या इमारतीत सामान हलवायचा दिवस आला तेव्हा उघडावंच लागलं. आत वर्षांप्रमाणे लावलेले खाकी लिफाफे होते. प्रत्येकात आमच्या पेपरची एकेक चूक, वर मराठीत चिठ्ठी. 'फोटो उलटा गेला. घाई.' 'नमाजच्या वेळा आदल्या वर्षीच्या. चूक माझी.' कोणाचंही नाव कुठेच नव्हतं, जिथे होतं तिथे त्यांचंच. माझा लिफाफा सापडला. 'आज ईद'चं पान, त्याला जोडलेलं व्यवस्थापनाचं पत्र. चूक सर्वस्वी आपली आहे असं या गृहस्थांनी मान्य केलं आहे. माहिती कोणी दिली हे सांगण्यास त्यांनी नकार दिला आहे. सबब त्यांना प्रूफरीडर पदावरून काढून लायब्ररीत कनिष्ठ जागी नेमण्यात येत आहे. आणि खाली चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात: 'विचारायला हवे होते. विचारले नाही.'

मी तिथेच जमिनीवर बसलो. अब्राहम सामान न्यायला आला, त्याला मी पत्र वाचून दाखवलं. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "हम लोग क्या आदमी है, भाई."

मी लगेच फोन केला नाही. पुन्हा रमझान आला. एकोणतिसाव्या संध्याकाळी, टीव्हीवर घोषणा होऊन गेल्यावर, दोन्ही पानांपैकी बरोबर पान सोडून मी चिपळूणला फोन लावला. त्यांनीच उचलला.

"काका, मी बोलतोय. अबुधाबीहून. कपाट उघडलं मी."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी आठ वर्षं तुमच्यावर संशय घेतला हो, काका."

"कशावरून?"

मी उत्तर शोधत राहिलो. खोली, टेलिफोन, कपाट, लाल पेन्सिल, लिफ्टमधली विचारपूस. एकही गोष्ट त्यांच्यासमोर ठेवण्यासारखी नव्हती. शेवटी मी म्हणालो, "कशावरूनच नाही."

"बरं," ते म्हणाले. "पोर काय म्हणते?" ती मोठी झाल्याचं मी सांगितलं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आज एकोणतिसावा ना तिकडे? दिसला का चंद्र?"

"दिसला."

मी वाट पाहत राहिलो. लाईनवर नुसती खरखर होती.

"बरं, बरं," ते म्हणाले. "घरी जा लवकर." आणि त्यांनी फोन ठेवला. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं, त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं तेच.

फोन ठेवल्यावर मी जागेवरून उठलो आणि टीव्हीसमोर जाऊन चंद्राची खात्री पुन्हा एकदा करून आलो.