शाल, नारळ आणि कोर्टावरची आमसुलं

मंडळी, आज सकाळी रत्नागिरीत आमच्या क्लबात माझा सत्कार झाला. "माजी व्यावसायिक टेनिसपटू" असं बॅनरवर छापलं होतं. माझी कारकीर्द ऐंशीच्या दशकातली, उण्यापुऱ्या दोन सीझनची.

क्लबाचे अध्यक्ष तेव्हा सेक्रेटरी होते. भाषणात म्हणाले, "हिला आम्ही घडवलं." टाळ्या पडल्या.

घडवलं कसं ते ऐका. दुसऱ्या सीझनआधी मे महिन्यात मी सरावाला घरी आले. गावात सिमेंटचं कोर्ट एकच. बघते तर नेटच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्या, आणि त्यांवर याच गृहस्थांच्या घरची आमसुलं!

"पाऊस यायच्या आत वाळायला हवीत गो," ते म्हणाले. "तुझं टेनिस काय पळून जातंय?"

महिनाभर ती तिथेच होती. मी क्लबामागच्या भिंतीवर बॉल मारत राहिले. जूनमध्ये पहिल्याच फेरीत हरले आणि पुन्हा कोणी मला खेळायला पाठवलं नाही.

कोर्ट मिळूनही हरले असते कदाचित. पण ते कळायची सोयसुद्धा या माणसाने ठेवली नाही.

आज शाल, नारळ देऊन झाल्यावर त्यांनी कौतुकाने एक पिशवी माझ्या हातात ठेवली. "घरची आमसुलं हो, बाजारातली नव्हेत."

मी माइकवरच विचारलं, "यंदा कुठे वाळवलीत?"

हॉलभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने तेच हसले. त्यांना काही आठवतच नव्हतं.

तुम्हीच सांगा, अशा माणसाला माफ तरी कसं करायचं?