प्रत्येक कागदाची एक प्रत

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे जावईबापू म्हणायचे. खरं तर ते बाहेरचे, प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या दुकानातले. पण आमच्या टेलिफोनवाल्या बाईंनी त्यांना इथेच हेरलं. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की आम्ही हिसका मारून ओढायचो. निम्मा हातात यायचा, निम्मा आत राहायचा. हे मात्र झाकण उघडून असे बसायचे, जसं तापलेल्या लेकराचं पोट चाचपताहेत. बाई फोन कानाला लावूनच बघत असायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "अगं, हात बघितलास त्याचा? माझ्या लेकीला असाच हात पाहिजे." आणि वर्षाच्या आत लग्न लावून मोकळ्या झाल्या.

माणूस सोन्यासारखा. खोड एकच, समोरच्याचं मन मोडवत नसे. "उद्या दुपारी येता का?" म्हटलं की "येतो की." त्याच दुपारी आणखी दोन ठिकाणी "येतो की" सांगून आलेले असायचे. बाई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, "आमच्या जावयाला गाढवानं विचारलं ना, लाथ मारू का, तर म्हणतील, मारा की, सावकाश मारा." सगळा हॉल हसायचा. तेही हसायचे आणि स्क्रू आवळायचे.

आमची कंपनी माल साठवून पुढे पाठवणारी. पुढे आमचा हॉल, मागे गोदाम, आणि गोदामाच्या भिंतीला भिंत लावून कंपनीच्या दोन खोल्या. बाईंचे यजमान गेल्यावर त्या खोल्या बाईंना मिळाल्या. नोकरी आहे तोवर खोल्या, असा करार. लेक, जावई आणि त्यांचं रांगतं बाळ, सगळी तिथेच राहायची.

नवं मोठं मशीन आलं तेव्हा हॉलमध्ये लग्नघराची गडबड झाली. तोवर ज्याला छापायचं त्यानं पेनड्राइव्ह घेऊन अकाउंटवाल्या काकांच्या पाया पडायचं, ही रीत होती. आता एकच मशीन आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर त्याला जोडलेले. जावईबापूंनी भिंतीच्या कडेनं वायर ओढली, मशीन साहेबांच्या केबिनच्या काचेबाहेर मांडलं आणि त्याला कायमचा पत्ता दिला. काकांनी विचारलं, "मशीनला कसला पत्ता?" ते म्हणाले, "घराला नंबर असतो तसा, काका. रोज नंबर बदलला तर तुमचं पत्र शेजारच्याकडे जाईल." मग प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्यांनी मशीन जोडून दिलं आणि एकेक कागद छापायला लावला. मी माझ्या कागदावर देवाचं नाव लिहिलं. नवी वस्तू, सुरुवात चांगली व्हावी.

त्यातली खरी गंमत म्हणजे प्रत्येकाला एक गुप्त आकडा. टेबलावरून कागद पाठवायचा, मशीनपाशी जाऊन आपला आकडा दाबायचा, तेव्हाच तो बाहेर पडायचा. बाईंनी विचारलं, "म्हणजे आमचं लिहिलेलं दुसरं कुणी वाचणार नाही?"

जावईबापू वायर गुंडाळत होते. म्हणाले, "आकडा तुमचाच आहे, आई."

बाईंना ते उत्तर पुरलं. आम्हा सगळ्यांनाच पुरलं.

पण त्याआधी केबिनमध्ये काय झालं होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढे बाईंच्या लेकीनंच मला सांगितलं. साहेबांनी जावईबापूंना बसायला खुर्ची दिली होती. म्हणाले, "छापलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत माझ्या कॉम्प्युटरवर आली पाहिजे. होतं ना तसं?" जावईबापू म्हणाले, "होतं." तसं करता येतं, हे खरंच होतं. "मग करून टाका. आणि बाहेर बोलायचं नाही." यावर त्यांनी मान डोलावली. वर्षाचं दुरुस्तीचं काम त्यांच्याच दुकानाला मिळणार होतं, हेही साहेबांनी जाता जाता सांगितलं. बायकोला अर्धवटच सांगताना ते म्हणाले, "कागदाचा हिशेब ठेवतात गं मोठी माणसं. त्यात काय." पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आकडा मिळाला तसे लोक निर्धास्त झाले. कुणी घरच्या अर्जाचे कागद छापले, कुणी दवाखान्याचे रिपोर्ट. अकाउंटवाल्या काकांनी दुसरीकडच्या नोकरीसाठी अर्ज छापला. दोन दिवस जातात न जातात तोच साहेब त्यांच्या टेबलाशी थांबले. "काय काका, आमचं अन्न गोड लागेना का?" काकांच्या हातातलं पेन पडलं. मग एकीला त्यांनी विचारलं, "यजमानांच्या किडनीचं काय म्हणतात डॉक्टर?" आवाजात नुसती माया. तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ती बाथरूममध्ये जाऊन रडली.

हॉलमधलं बोलणं आटलं. डबा खाताना लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. घरात साप निघाला आणि कुठे गेला ते कळलं नाही, की जसं कुणी पाय खाली टेकवत नाही, तसं झालं. आणि शोधता शोधता सगळ्यांचे डोळे बाईंवर गेले. फोन त्यांच्या हातात, लाईन त्या जोडतात, ऐकायला कितीसा वेळ लागतो? काका एकदा मोठ्यानं म्हणाले, "कान लांब असले की शेपूटही फुटतं माणसाला." बाई खटकन वळल्या. "नाव घेऊन बोला." काका म्हणाले, "मी गाढवाबद्दल बोलत होतो. तुमची लाडकी म्हण आहे ना." कुणी हसलं नाही.

संध्याकाळी बाईंनी घरी ताट बाजूला सरकवलं. "इतकी वर्षं या जिभेनं भांडले, पण चहाडी नाही केली. मला चुगलखोर म्हणतात." जावईबापूंनी घास कालवला तो कालवतच राहिले. लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर वर केली नाही.

मग बाईंनी जे ठरवलं त्यानं त्या घराचा श्वासच अडकला.

गोदामाच्या मागच्या दाराला कामाच्या वेळी साखळी घातलेली असते. माल चोरीला जातो म्हणून. मध्यंतरी एकदा खोक्यांच्या ढिगाखाली वायर जळून धूर झाला होता. माणसं पुढच्या एकाच दारानं एकमेकांना तुडवत बाहेर आली. भिंतीपलीकडे बाईंचं नातवंड झोपलेलं होतं. तेव्हापासून त्या दाराबद्दल सरकारी तपासणीच्या ऑफिसात तक्रार करायची, असं आम्ही कुजबुजत होतो. पहिली सही कुणाची, इथे गाडं अडायचं.

"पहिली माझी," बाई म्हणाल्या. "उद्या ऑफिसातच छापते. बघू दे सगळ्यांना, मी साहेबांच्या बाजूची आहे का ते."

जावईबापू एवढंच म्हणाले, "बाहेरून छापून आणू का, आई?"

"का? आकडा माझाच आहे ना?"

त्यांना पुढचं दिसत होतं. तो कागद साहेबांच्या डोळ्यांपुढे गेला की सही व्हायच्या आत नोकरी जाणार, आणि नोकरीपाठोपाठ ते चारीजण ज्या छपराखाली जेवत होते ते छप्पर. आणि सांगावं तर हे सगळं जोडलं कुणी, तेही सांगायला हवं. लेक म्हणते, ते पाळण्याशी बसून राहिले. तिनं विचारलं, "काय झालंय?" तेव्हा पहिल्यांदा त्यांनी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आईला सांगा." ते म्हणाले, "सांगतो की." ती त्यांच्याकडे बघत राहिली. तो शब्द तिला चांगला ओळखीचा होता.

सकाळी बाई घरातून निघाल्या तोवर त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी माझ्या शेजारी बसून मजकूर टाइप केला. मी शेवटची ओळ वाचून दिली आणि मनात देवाला हात जोडले. त्यांनी कागद पाठवला आणि मशीनकडे चालू लागल्या. काचेपलीकडे साहेब फोनवर बोलत होते. तेवढ्यात जावईबापू आत आले. कुणी बोलावलं नव्हतं. हातात पिशवीही नव्हती. धाप लागली होती.

"आई, आकडा दाबू नका."

"बिघडलंय का?"

"नाही. चांगलं चालतंय." ते मशीनला पाठ लावून उभे राहिले. "आकडा दाबला की कागद इकडे पडतो, आणि एक प्रत तिकडे जाते. सगळ्यांचीच जाते. पहिल्या दिवसापासून."

 काका खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

"कुणी केलं हे?" बाईंनी विचारलं.

"मी."

बाई लग्नापासून त्यांना अहो-जाहो करायच्या. आज म्हणाल्या, "आणि मला लोक चुगलखोर म्हणत होते, तेव्हा तू शेजारी बसून जेवत होतास?"

 साहेबांनी फोन खाली ठेवला होता. काचेतून ते आमच्याकडे बघत होते, रागानं नाही, एखादी गाडी कधी येते म्हणून बघावं तसे.

मला वाटलं, बाई आता परत फिरतील. त्यांनी जावयाला हातानं बाजूला केलं. "जोडलंयस ना? मग जाऊ दे तिकडेही. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही." आणि त्यांनी आकडा दाबला.

कागद आला. बाईंनी तिथेच मशीनच्या झाकणावर ठेवून सही केली. मग मी केली. काचेकडे बघायचा धीर झाला नाही. खोटं कशाला सांगू? काका आले. ज्या बाईच्या यजमानांची किडनी गेली होती ती आली. बाकीच्यांनी आपापल्या कॉम्प्युटरकडे तोंडं वळवली. त्यांनाही पोरंबाळं आहेत.

केबिनचं दार उघडलं. साहेब जावईबापूंना म्हणाले, "आलाच आहात तर मागच्या खोल्यांची इंटरनेटची लाईन काढून ठेवा. तिथे दुसरं कुणी राहायला येईल." बाईंकडे त्यांनी बघितलंही नाही.

बाईंची नोकरी गेली आणि त्याच आठवड्यात खोल्या रिकाम्या झाल्या. सामान जावईबापूंनीच वाहिलं. बाई त्यांच्याशी लेकीमार्फत बोलत होत्या: "त्यांना म्हणावं, पाळणा आडवा धरा." तक्रार आम्ही हातानं नेऊन दिली. अजून कुणी तपासायला आलेलं नाही. साखळी आहे तिथेच आहे. गोदामातून जाताना मी देवाचं नाव घेते आणि पुढच्या दारापर्यंत किती माणसं मध्ये आहेत ते नकळत बघते.

जावईबापूंचं दुकानातलं काम गेलं. आता ते एकटेच कामं घेत फिरतात. लेक सांगते, कुठल्याही ऑफिसात मशीन जोडायला गेले की वायर काढायच्या आधीच तिथल्या लोकांना सांगतात, यातनं काय काय दुसरीकडे जाऊ शकतं ते. मालकांना ते आवडत नाही. पुन्हा बोलावणं येत नाही. बाई त्यांना वाढतात, पण पूर्वीची थट्टा करत नाहीत. त्यांच्या तोंडून गाढवाची म्हण मी परत ऐकली नाही.

आमचं मशीन मात्र छान चालतं. कागद अडकत नाही. आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी छापायचं तिथेच लागतं. सुरुवातीला आकडा दाबण्याआधी लोक काचेकडे बघायचे. हल्ली कुणी बघत नाही. नवी मुलगी लागली आहे, तिला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असं सगळीकडेच असतं की हो, मावशी," आणि उठून आकडा दाबायला गेली.